विमलताईंचे तीन कॅमेरे

आमची कलर लॅब औरंगपुऱ्यात, एका शिलाई मशीनच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. दिवसभर फोटोग्राफरांचा राबता. जिना चढून येणारा प्रत्येक जण खांद्यावर काळी बॅग आणि चेहऱ्यावर घाई घेऊनच यायचा. विमल साळवे पहिल्यांदा आल्या त्या मात्र दारातच थांबल्या. चपला बाहेर काढल्या, ज्या आमच्याकडे कुणीच काढत नसे, आणि मालकांना ओलांडून आतल्या टेबलांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं,

"इथं अल्बम बसवणारी बाई हाय का कोणी?"

मालक म्हणाले, काम सांगा, माणसं भरपूर आहेत.

"माणसं नकोत. बाई पाहिजे."

बाई मी एकटीच होते. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि आधी माझा कॉम्प्युटर त्यांनी थोडा भिंतीकडे वळवला. मग कामाचं सांगितलं. रोशन गेट, कटकट गेट, शहागंज या भागातल्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो त्या काढत. तिथं पुरुष फोटोग्राफर चालत नाही. काही घरांची अट याहून कडक असे : काढणारी बाई, तशी बघणारीही बाईच हवी, कॉम्प्युटरवरसुद्धा परक्या पुरुषाची नजर पडायला नको. आतापर्यंत त्या असं काम नाशिकच्या एका ओळखीच्या बाईकडे पाठवत. ती आता काम बंद करणार होती.

तेव्हापासून त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटरवर पानं जुळवत अल्बम बसवायची, त्या शेजारी बसून बघायच्या. मालक चहा विचारायला आले तरी त्या बोलता बोलता आपला पदर अलगद स्क्रीनवर टाकायच्या. मालकांना पहिल्यांदा राग आला, नंतर ते लांबूनच विचारायला लागले.

विमलताई राहायला मुकुंदवाडीत, मूळच्या शेंद्र्याच्या. ठेंगण्या, बांध्यानं मजबूत, केसांचा घट्ट अंबाडा. हिरव्या किंवा जांभळ्या काठाची सुती साडी आणि त्यावर पुरुषी खिशांचं खाकी जाकीट. आल्यावर "जयभीम मीना" आणि जाताना "नीट राहा". मधल्या वेळात त्यांची भाषा समोरच्या माणसाप्रमाणं बदलायची. फोनवर एखादी खाला असली की त्या अस्खलित दखनीत "हौ हौ, नक्को नक्को" करत बोलायच्या आणि फोन ठेवला की परत शेंद्र्यावर यायच्या. अल्बमच्या पहिल्या पानावर गावाचं नाव काय टाकायचं, औरंगाबाद की संभाजीनगर, हे मी दर वेळी विचारायची. त्या म्हणायच्या, "घरचे सांगतील ते. लग्न त्यांचं हाय."

पण मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं ते त्यांच्या कॅमेऱ्यांचं.

त्यांच्याकडे तीन कॅमेरे होते आणि तिन्ही अंगावर. एक गळ्यात, एक उजव्या खांद्याला, एक कमरेच्या पट्ट्याला. तिन्हींची लेन्स कंपनीतूनच पक्की बसवलेली, न निघणारी. एक होता तळहाताएवढा. त्यात भिंतीला टेकून उभं राहिलं तरी सगळी खोली मावायची. त्याला त्या "खोली" म्हणायच्या. दुसरा जरा जड, त्यात माणसाचं तोंड जसं समोर बसून बोलताना दिसतं तसं यायचं. तो "बोलका". तिसऱ्याचं नाक लांब पुढे यायचं आणि हॉलच्या या टोकाहून त्या टोकाच्या बाईच्या कानातलं दिसायचं. त्याचं नाव "शेजारीण". लॅबला येताना प्रत्येकाचं कार्ड वेगळ्या रंगाच्या कापडी बटव्यात असायचं. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचे ते बटवे त्यांनीच शिवलेले.

आमच्याकडे येणाऱ्या बाकीच्या सगळ्या फोटोग्राफरांकडे एकच मोठा कॅमेरा आणि बॅगेत तीन-चार लेन्स असत. लागेल तशी काढायची, लागेल ती बसवायची. सरळ हिशेब. मग या बाई तीन कॅमेरे, तीन चार्जर, तीन बॅटऱ्यांचा संसार का वागवतात? शिवाय त्याचा त्रास मला होता. तीन कॅमेऱ्यांचे रंग तीन तऱ्हेचे. एकाच नवरीची एकच ओढणी "खोली"त विटकरी दिसायची, "बोलक्या"त डाळिंबी आणि "शेजारणी"त टोमॅटोसारखी. एका पानावर तिन्ही फोटो आले की मला ती तिन्ही लाल एका लालवर आणत बसावं लागे. एकदा वैतागून मी म्हणालेच, ताई, एक चांगला कॅमेरा घ्या आणि लेन्स बदला की.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं तोंड भर मांडवात उघडू नाय." आणि पाचोडची गोष्ट सांगितली.

त्यांचे यजमान दिनकर साळवे यांचा शेंद्र्याला छोटा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. पुढं तिथं कारखाने आले, दिनकरभाऊजींना कंपनीत पाळीची नोकरी लागली आणि आधी घेऊन ठेवलेली लग्नं अंगावर राहिली. ती विमलताईंनी उचलली. यजमानांचा लेन्स बदलायचा कॅमेरा घेऊन त्या एकट्यानं गेल्या ते पहिलं लग्न पाचोडचं. उन्हाळा, उघडा मांडव, त्यात आठवडी बाजाराचा दिवस. रस्त्यावरच्या गाड्यांनी उडवलेली धूळ वाऱ्यानं सरळ मांडवात. यजमानांनी शिकवल्याप्रमाणं वाऱ्याकडे पाठ करून त्या लेन्स बदलायला वळल्या.

नवरीची आई विधवा होती. ती रीतीप्रमाणं लांब, खांबाच्या आड उभी होती. विमलताईंच्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात लेन्स, आणि त्याच वेळी नवरी पाटावरून उठली. मुंडावळ्यांसकट चालत गेली, आईचा हात धरून तिला ओढत आणली आणि आपल्या शेजारी बसवली. मांडव गप्प झाला. भटजीही गप्प झाले. मग एका म्हाताऱ्यानं "बसू द्या" म्हटलं आणि विधी पुढं सुरू झाला.

फोटो नव्हता. नंतरच्या सगळ्या फोटोंवर आत शिरलेल्या धुळीचे करडे ठिपके होते ते वेगळंच. अल्बम द्यायला त्या पाचोडला गेल्या तेव्हा नवरीच्या आईनं पहिल्यांदा तेच पान शोधलं. विमलताईंनी खरं काय ते सांगितलं.

"मग ती रागावली असेल," मी विचारलं.

"नाय. म्हणली, तू बघितलंस ना? मी तर मान खाली घालून होते. मला सांग, कोण कोण रडलं."

विमलताईंनी तिला सांगितलं. कोण रडलं, कुणी तोंड फिरवलं, नवऱ्या मुलानं काय केलं. आई सगळं ऐकून घेत होती. त्यानंतर विमलताईंनी लेन्स बदलायचा कॅमेरा यजमानांना परत केला आणि हळूहळू करत न निघणाऱ्या लेन्सचे तीन कॅमेरे जमवले. हात नुसता गळ्यातून खांद्याकडे न्यायचा. उघडायचं काही नाही, बसवायचं काही नाही.

ही एक बाजू. दुसरी बाजू सांगायला सुट्टीच्या दिवशी स्वतः दिनकरभाऊजी लॅबमध्ये यायचे. उंच, शांत, कंपनीच्या निळ्या शर्टातला हा माणूस कॅमेऱ्याचा विषय निघाला की पुढं सरकून बसायचा. त्यांचं म्हणणं असं, की कॅमेरा म्हातारा होतो, लेन्स होत नाही. आज कॅमेरा जुना झाला तर नवा घ्या, लेन्स तीच लावा. हिच्या कॅमेऱ्याला काही झालं तर चांगली लेन्ससुद्धा त्याच्याबरोबर जाते. "नवऱ्याबरोबर सती जाणारी लेन्स हाय ती," ते म्हणायचे. त्यावर विमलताई : "आणि तुमची दर मांडवाला नवा घरोबा करती." हे भांडण मी आल्यापासून चालू होतं आणि माझ्या आधीही बरीच वर्षं चालू असावं. दोघांनाही ते संपायला नको होतं असं मला वाटतं.

एकदा वाद वजनावर गेला. भाऊजी म्हणाले, तीन-तीन कॅमेरे अंगावर घेऊन हिची मान जाईल. विमलताईंनी तिथल्या तिथं सगळं उचललं, भाऊजींना त्यांची बॅग उचलायला लावली आणि दोघं खाली गेले. मीही मागोमाग. शेजारच्या किराणा दुकानदारानं काट्यावरून साखर बाजूला केली. आधी तिन्ही कॅमेरे ठेवले, मग ते उतरवून भाऊजींचा एक कॅमेरा आणि त्याच्या सगळ्या लेन्स. भाऊजींचं पारडं बरंच जास्त भरलं. विमलताईंनी दुकानदाराचे आभार मानले, घरचा गूळ संपला होता तो घेतला आणि वर आल्या. भाऊजी मात्र दिवसभर पुटपुटत होते की लेन्स सगळ्या एकदम कोण नेतं.

पण भाऊजींचं म्हणणं एकदा खरं ठरलं. "खोली"चं बटण दाबलं तरी फोटो निघेना. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि सांगितलं की आतला भाग आता मिळत नाही. लेन्स निरोगी होती, काचेवर चरासुद्धा नव्हता. पण ती काढून दुसरीकडे लावायची सोयच नव्हती. विमलताई त्या दिवशी लॅबमध्ये येऊन तो कॅमेरा मांडीवर ठेवून बसल्या. मला वाटलं, आता भाऊजी आले की बोलणार. ते आले, बसले, कॅमेरा हातात घेऊन लेन्स पुसली आणि तो परत त्यांच्या मांडीवर ठेवला. महिना-दीड महिन्यानं त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा, कुणीतरी फारसा न वापरलेला कॅमेरा विमलताईंच्या गळ्यात दिसला. भाऊजींनी कंपनीतल्या ओळखीतून कुठून कुठून शोधून आणला होता. वाद मात्र दुसऱ्या दिवसापासून होता तसाच.

मला सगळ्यांत आवडते ती फर्दापूरची गोष्ट. तिथल्या एका हॉटेलवाल्याच्या घरचं लग्न होतं. बायकांची सोय मागच्या लांबट खोलीत, मधे जाड पडदा. निकाहच्या वेळेला नेमकी वीज गेली. जनरेटरवर पुरुषांकडचे दिवे लागले, बायकांकडे दोनच. त्या उजेडात विमलताईंचे तिन्ही कॅमेरे निकामी झाले. फोटो येत होते, पण कालवलेल्या पिठासारखे. भाऊजी त्या दिवशी गाडी चालवायला म्हणून बरोबर आले होते आणि बाहेर पुरुषांत बसले होते. त्यांच्या बॅगेत मोठ्या तोंडाची, अंधारातही बघणारी लेन्स होती. विमलताई पडद्यापाशी आल्या आणि आतून म्हणाल्या,

"तुमचा द्या."

भाऊजींनी विचारलं, कोणत्या लेन्सा देऊ.

"एकच. अंधाराची. लावून द्या आणि वरून चिकटपट्टी मारा."

"चिकटपट्टी कशाला?"

"निघू नये म्हणून."

भाऊजींनी पडद्याच्या या बाजूला उभं राहून आपल्या आवडत्या कॅमेऱ्याला, आपल्या आवडत्या लेन्सला गोल गोल चिकटपट्टी मारली. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी तो कॅमेरा चांगला म्हणून ते भांडत होते ती गोष्टच त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. पडद्याखालून कॅमेरा आत गेला. त्या लग्नाचे फोटो मी बसवले. दोन दिव्यांच्या उजेडात मेंदीचे हात, कुबूल म्हणायच्या आधी नवरीनं आवळलेला मैत्रिणीचा अंगठा, एका म्हातारीच्या चष्म्यात दोन्ही दिवे. इतके सुंदर फोटो त्यांच्या तीन कॅमेऱ्यांतून कधीच आले नव्हते. मी तसं म्हणाले. विमलताईंनीही कबूल केलं, यजमानांसमोर. मग म्हणाल्या, "व्हय, चौथा कॅमेरा लई चांगला हाय." चिकटपट्टी नंतर कधी निघाली नाही. भाऊजींनी स्वतःसाठी दुसरा घेतला.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्या तीन कॅमेऱ्यांत हसण्यापलीकडचंही काही होतं. ते मला नाझियाच्या वेळी कळलं.

नाझिया शहागंजमधली. डाव्या गालावर जन्मापासूनची मोठी जांभळट खूण. लग्नाचं वय झालं होतं, स्थळं यायची, मुलाकडच्या बायका येऊन बघून जायच्या आणि पुढं निरोप यायचा नाही. तिच्या अम्मीनं ठरवलं, आधी फोटो पाठवायचा. विमलताईंना बोलावून तिनं सांगितलं की लांबून काढा, उजव्या बाजूनं काढा. विमलताईंनी "शेजारीण" काढली, अंगणाच्या टोकाला गेल्या आणि सांगितलं तसा फोटो काढला. मुलगी सुरेख आली. मागं जास्वंद पुसट, चेहऱ्यावर ऊन, खूण नावालाही नाही.

अम्मी आत चहा टाकायला गेली तेव्हा नाझियानं विमलताईंच्या कमरेच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, यात कसं येतं? विमलताईंनी सांगितलं की यात मी आत्ता तुला बघते आहे तसं येतं. नाझिया म्हणाली,

"तो मेरेकू वैसाच होना, खाला. दूर का अम्मी का. ये मेरा."

विमलताईंनी समोर बसून "बोलक्या"तून फोटो काढला. सरळ. खुणेसकट. नाझिया काहीतरी सांगत होती, तोंड अर्धं उघडं.

दोन्ही फोटो माझ्याकडे छापायला आले. दोन्ही फोटोंतली मुलगी एकच आहे हे मला पटेना, आणि हा फरक फक्त खुणेचा नव्हता. लांबच्या फोटोतली मुलगी कुणीतरी चोरून बघावी तशी होती. तिला आपण दिसत नव्हतो. जवळच्या फोटोतली माझ्याशी बोलत होती. मी विमलताईंना विचारलं की लेन्समुळं असं होतं का. त्या म्हणाल्या, "लेन्स काय करती? तू किती लांब उभी राहिलीस ते फोटूत येतं. लांबून हात पोचला म्हणून तू जवळ गेलीस असं होत नाय." मी त्या संध्याकाळी घरी जाऊन आईकडे आधी दारातून आणि मग चुलीजवळ बसून बघत राहिले. आईनं विचारलं, काय झालं गं, बरं वाटत नाही का.

नाझियानं अम्मीला न विचारता स्थळाकडे दुसरा फोटो पाठवला. तिकडून नकार आला. पुढच्या स्थळाकडूनही आला. मग अम्मी विमलताईंच्या घरी मुकुंदवाडीत जाऊन पोचली. माझ्या मुलीचं नशीब तुम्ही फोडलंत म्हणाली. विमलताईंनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मला सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तिचं चूक नाय मीना," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं माहीत हाय बरोबर काय ते. पोरीनं मागितला म्हणून काढला." बरेच महिने त्या "बोलका" बरोबर न्यायच्या, पण फारसा काढायच्या नाहीत. त्याच्या बटव्यातून येणाऱ्या कार्डावर आता मोजकेच फोटो असायचे.

तिसऱ्या स्थळाकडून एक बाई आली. जालन्याकडची, मुलाची फुफी, म्हणजे आत्या. तिनं फोटो पर्समधून काढला, नाझियासमोर धरला, फोटोकडे आणि तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू इसमें क्या बोल री थी?" नाझियानं सांगितलं. काय ते विमलताईंनी मला सांगितलं नाही, त्यांच्या दोघींतलं होतं म्हणाल्या. लग्न ठरलं. फोटो अर्थात विमलताईंनीच काढले आणि पाठवणीच्या वेळी अम्मीनं त्यांना सगळ्यांदेखत मिठी मारली. त्या दिवसाच्या अल्बममध्ये डाव्या बाजूनं काढलेले नाझियाचे फोटो जास्त आहेत. ते अम्मीनंच सांगून काढून घेतले होते.

पुढं विमलताईंचा एक नवाच त्रास सुरू झाला. अल्बम बघताना त्या म्हणायला लागल्या, पिवळं कमी कर. मी कमी केलं की म्हणायच्या, अजून कर. पांढरा शरारा निळसर दिसायला लागला तरी त्यांना पिवळाच दिसायचा. मी रंग जुळवण्यात इतकी वर्षं घालवली होती. फोटोत पिवळं नाही हे मला ठाऊक होतं. मग एके दिवशी त्यांना खिडकीपाशी नेऊन माझा पांढरा रुमाल दाखवला आणि रंग विचारला. त्या म्हणाल्या, "सायीसारखा." मी भाऊजींना फोन केला आणि आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, आतली गढूळ झालेली लेन्स काढून नवी बसवायची, ती जन्मभर तीच राहणार. एक प्रकार एकाच अंतराचा : बहुतेक लोक लांबचं स्पष्ट मागतात आणि जवळचं वाचायला चष्मा लावतात. दुसरा प्रकार महाग, एकाच लेन्समध्ये लांबचं, मधलं, जवळचं थोडं थोडं सगळं.

भाऊजी लगेच म्हणाले, ही घे. एकात सगळं.

विमलताईंनी विचारलं, एकात सगळं म्हणजे सगळं तेवढंच चोख का? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, उजेड वाटला जातो, काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात. मग विमलताईंचे प्रश्न सुरू झाले. बाहेर रांग वाढली, मदतनीस दोनदा डोकावून गेली. शेवटी डॉक्टरांनी आणखी एक वाट सांगितली : एका डोळ्यात लांबची, एका डोळ्यात जवळची, असंही काही जण करतात.

भाऊजी माझ्याकडे बघून हसले. "हे तर तुझंच झालं," ते विमलताईंना म्हणाले. "दोन कॅमेरे, दोन लेन्सा. कर की आता."

मलाही वाटलं त्या हेच घेणार. त्या म्हणाल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत एकच, एकाच अंतराची. डॉक्टरांनी विचारलं, लांबची ना? विमलताई खुर्चीतून उठल्या, डॉक्टरांच्या टेबलापासून जरा मागं सरल्या, मग एक पाऊल पुढं आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यावरची. मी तुमच्याशी बोलती हाय, तुमचं तोंड मला नीट दिसतंय, एवढ्यावरची."

डॉक्टर म्हणाल्या, देता येईल, पण रस्त्यावर चष्मा लागेल. लांबून माणूस ओळखू येणार नाही.

"मग तो जवळ येईल की," विमलताई म्हणाल्या. मग पुढं : "नायतर मी जाईन."

घरी जाताना रिक्षात भाऊजींनी विचारलं की कॅमेरे तीन लागतात आणि डोळ्यांना एकच लेन्स कशी पुरते. विमलताईंचं उत्तर मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, "कॅमेरे गिऱ्हाइकासाठी होते. एकीला खोली पाहिजे, एकीला लांबचं पाहिजे. डोळे माझ्यासाठी हायेत."

ऑपरेशननंतर त्यांनी लग्नं कमी केली आणि मग बंद केली. शहरात आता मुलींचे गट आलेत, तीन-चार जणी मिळून बायकांकडचं सगळं काम घेतात, चांगलं करतात. त्यांतल्या दोघींना विमलताईंनी "खोली" आणि "शेजारीण" देऊन टाकले. "बोलका" ठेवला. भाऊजी निवृत्त झाले, मुलगी नाशिकला, दोघं तिकडे जायचं ठरलं. निरोपाला येते म्हणाल्या होत्या, पण घराची आवराआवर चालू होती आणि त्या येऊ शकल्या नाहीत.

मला त्या भेटल्या सिडको बसस्टँडवर, योगायोगानं. मी सासूबाईंना गाडीत बसवून परत निघाले होते. समोरून विमलताई येत होत्या. खाकी जाकीट, हातात पिशवी. मी हात केला. त्यांनी बघितलं आणि चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत त्या माझ्याच दिशेनं चालत आल्या. मला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग त्या दोन-तीन हातांवर आल्या. त्यांचा सगळा चेहरा एकदम उजळला.

"अगं तू व्हय!"

त्यांनी माझी हनुवटी धरली. मी किती वाळले, केस का कापले, डोळ्याखाली काळं का झालं, सगळं एका दमात विचारलं. मी विचारलं, चष्मा कुठं आहे. पिशवीत आहे म्हणाल्या. लावत का नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "लावला की सगळा बसस्टँड दिसतो. काय करू त्याचं?"

भाऊजी नाशिकच्या गाडीत आधीच जागा धरून बसले होते. गाडी लागली होती. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि बाहेर बघत मला शोधायला लागल्या. माझ्यापासून जरा पलीकडे पेरूची पाटी घेतलेली एक बाई उभी होती, माझ्याच रंगाची साडी. विमलताईंनी तिच्याकडे बघून हात हलवला. तोंड भरून हसत, वाकून, काहीतरी बोलत. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून "नीट राहा" असावं. भाऊजींनी मागून त्यांच्या खांद्याला हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं, पण गाडी सुटली होती.

पेरूवाली गोंधळली. तिनं मागं वळून बघितलं, कुणीच नव्हतं. मग पाटी खाली ठेवली आणि गाडी फाटकातून वळेपर्यंत तीही हात हलवत राहिली.